शोभेचा उंट

पुस्तक लिहायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात मीटरचे आकडे तपासणाऱ्या माणसाच्या मनात जे काही येतं ते साधारण मीटरपुरतंच येतं. पण दर रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पंपाला लागून असलेल्या खोलीत, मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि या मुलांना घरी सोडवायला कोडी हवी होती. कोडं म्हणजे पटावर काही सोंगट्या मांडलेल्या असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'पांढऱ्याची खेळी, दोन खेळींत मात.' बाजारातली दोन-तीन पुस्तकं मी आणून पाहिली. पहिल्या पानावर अगदी सोपं, आणि दुसऱ्या पानावर असं काही की त्यापायी मी स्वतः दोन दिवस कार्यालयात गप्प होतो. साहेबांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. त्या संध्याकाळी मी बायकोला सहज म्हणालो, "यापेक्षा मीच पंचवीस कोडी काढून देतो की."

"दे की," बायको म्हणाली.

आमच्या घरात मोठमोठे निर्णय असेच होतात. वादच होत नाही, त्यामुळे माघार घ्यायला जागा राहत नाही.

मी कामाला लागलो आणि ही बातमी इमारतीत पसरली. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते जिन्यात मला अडवून म्हणाले, "प्रत्येक कोड्याखाली बोध घाला. वजीर मेला, ठीक आहे. पण त्यातून विद्यार्थी काय शिकला?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काळी घरं गुलाबी करायला सांगितली, डोळ्यांना बरी म्हणून. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं एवढंच होतं की प्रस्तावनेत गच्चीच्या गळतीचा उल्लेख यावा, म्हणजे विषय लोकांपर्यंत जाईल. मी सगळ्यांना हो म्हणालो. लेखकाचा स्वभाव असा मवाळ असावा लागतो, अशी माझी त्या दिवसांत समजूत झाली होती.

पंचवीस कोडी जमली. खरं सांगायचं तर ती माझी नव्हतीच. घोड्यानं एकाच वेळी राजावर आणि वजिरावर चाल करायची, किंवा आपल्याच प्याद्यांमागे अडकलेल्या राजाला शेवटच्या ओळीत गाठायचं, या युक्त्या लोक पिढ्यान् पिढ्या एकमेकांना दाखवत आले आहेत. मी त्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या, एवढंच.

ती कुणासाठी काढतोय हे मात्र मला नीट ठाऊक होतं. समोरच्या गाळ्यातल्या शिंपीदादांची मुलगी माझ्या वर्गात आहे. वय नऊ. हजेरीला ती 'हजर' इतक्या हळू म्हणायची की मी तिच्या नावापुढे खूण करायची की नाही या विचारात नुसतं पेन टेकवायचो आणि तिथं टिंब उमटायचं. पुढे सगळे तिला टिंबच म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी मुलांना सांगितलं होतं की आधी डोळ्यांनी खेळा, मग हातानं. बाकीचे ते संध्याकाळपर्यंत विसरले. मी तर त्याच्याही आधी. टिंब मात्र तेव्हापासून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते आणि सबंध पट बघून झाल्याशिवाय एक हात बाहेर काढत नाही. खेळी करते, पुन्हा हात आत. मी तीस वर्षं बुद्धिबळ खेळतोय, पण तिला पटाकडे बघताना बघितलं की मला आपण आजवर फक्त लाकूड इकडून तिकडे सरकवलं असं वाटतं. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. शिक्षकानं किती कबूल करावं याला काही मर्यादा असते.

माझा भाचाही त्याच वर्गात आहे. त्याला आम्ही तुफान म्हणतो. तो अकरा वर्षांचा, हुशार, हसरा, आणि समोरच्यानं सोंगटी खाली ठेवायच्या आत याची खेळी झालेली असते. तो माझ्या थोरल्या ताईचा मुलगा. ताई शेजारच्याच गल्लीत राहते, त्यामुळे माझ्या वर्गाची प्रगती मला तिच्याकडूनच कळते.

अशात वाचनालयात एक पत्र आलं. मोठ्या प्रशिक्षकांचं आठ दिवसांचं शिबिर होतं, आणि आमच्या भागातून फक्त एका मुलाला तिथं जागा होती. कोण जाणार ते वाचनालयानं ठरवायचं होतं. मी म्हणालो, माझ्या पुस्तकातल्या कोड्यांचीच स्पर्धा घ्या, ज्याची जास्त सुटतील तो जाईल. ताईनं त्याच दिवशी तुफानला शाळेतून सुट्टी मिळेल का याची चौकशी केली. शिंपीदादांनी काहीच विचारलं नाही. मी पँट आखूड करायला गेलो तेव्हा मशीनवर एक निळी पिशवी होती, तिला आत पटाच्या मापाचा कप्पा.

"कुणाची?" मी विचारलं.

"अजून कुणाचीच नाही," ते म्हणाले. "टिंब गेली तर तिची. नाही तर तुमच्या भाच्याला देईन. माप दोघांना चालतंय."

आता छापखान्याकडे वळतो, कारण खरं पाप तिथं घडलं. छापखानेवाले जुन्या वळणाचे, आपल्या धंद्यावर अतोनात प्रेम करणारे गृहस्थ. कागद बोटांनी चोळून त्याचं वजन सांगतात. त्यांनी माझं हस्तलिखित मोजलं आणि मान हलवली. "पानं आठाच्या पटीत येतात. तुमची सोळा. एक मुखपृष्ठ, एक प्रस्तावना, एक शेवटी नाव आणि गुण लिहायला. राहिली तेरा. पानाला दोन कोडी. किती झाली?"

"सव्वीस."

"तुमच्याकडे आहेत पंचवीस. म्हणजे एका पानाचा खालचा अर्धा भाग कोरा जाणार. कोरा भाग दिसला की लोक लेखकाला नावं ठेवत नाहीत, छापखान्याला ठेवतात. एक कोडं द्या."

"आत्ता?"

"मशीन तीन वाजता लागतंय."

तेव्हा अडीच वाजले होते. मी जेवणाच्या सुट्टीतून आलो होतो आणि सुट्टी केव्हाच संपली होती. पावतीपुस्तकांच्या दोन थप्प्यांमध्ये त्यांनी मला जागा करून दिली, पेन्सिल दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या डोक्यातून एक कोडं रचलं. अजूनही ते मला पाठ आहे. काळा राजा आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला. शेवटच्या ओळीत त्याच्या रक्षणाला दोन हत्ती. पांढऱ्या वजिरानं त्यातला एक हत्ती मारायचा. काळा दुसऱ्या हत्तीनं वजीर मारतो. वजिराच्या मागे पांढरा हत्ती दबा धरून बसलेला असतो. तो त्या हत्तीला मारतो, आणि मात. वजिराचा बळी देऊन मात. मी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

छापखानेवाल्यांनी आकृती हातभर लांब धरून पाहिली. "छान आहे. पण डावी बाजू रिकामी वाटते. सगळा माल उजवीकडे. पान कलल्यासारखं दिसेल. तिथं काहीतरी ठेवा की."

त्यांना बुद्धिबळ येत नाही. मला येतं, निदान तसा माझा समज होता. तरी मी पडत्या फळाची आज्ञा मानून डाव्या कडेला, मधोमध, एक काळा उंट ठेवला. पान सरळ झालं. आम्ही दोघांनीही समाधानानं मान हलवली आणि चहा घेतला.

उंट तिरका चालतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात काय ते आलं असेलच. माझ्या आलं नाही. रोज शेकडो मीटरचे आकडे तपासून त्यातली एका अंकाची चूक मी काढतो. पण स्वतःच्या निर्मितीकडे बघताना माणसाचे डोळे पाणावतात आणि त्यात काही दिसत नाही.

त्यानंतर मी जरा बिघडलो हे कबूल केलं पाहिजे. पुस्तक छापून आल्यावर मी लोकांना पहिलं पान न दाखवता थेट सव्विसावं कोडं दाखवायचो. मुख्याध्यापक म्हणाले, "वा, त्याग आहे यात." साहेबांना दाखवलं, त्यांनी मीटरच्या तक्रारींचं विचारलं. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी तर मी वर्गात मुलांना सांगितलं, "आधीची पंचवीस जगाची आहेत. शेवटचं माझं आहे. स्वतः केलेलं. तेव्हा वजीर द्यायला घाबरू नका." स्पर्धेआधी उत्तर सुचवायचं नसतं, एवढंसुद्धा भान मला राहिलं नव्हतं. टिंब पहिल्या रांगेत हात मांड्यांखाली घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

वाचनालयाचा वाचनकक्ष मिळवणं हे सत्ताविसावं कोडं होतं. ग्रंथपाल सज्जन माणूस, पण नियमाबाहेर श्वास घेत नाहीत. त्यांच्याकडे क्रीडास्पर्धेचा एकच छापील अर्ज होता. त्यात मैदानाची लांबी-रुंदी, चुना किती लागेल, आणि खेळाडू जखमी झाल्यास त्याला उचलून नेणाऱ्या दोन व्यक्ती असे रकाने होते.

"बुद्धिबळात कोण जखमी होणार?" मी म्हणालो.

"रकाना आहे," ते म्हणाले.

मी लांबी-रुंदीत एका पटाचं माप लिहिलं, चुन्यापुढे 'शून्य', आणि उचलून नेणाऱ्यांत मुख्याध्यापकांचं आणि बायकोचं नाव टाकलं. बायकोनं नंतर विचारलं की नेमकं कुणाला उचलायचं आहे, कारण तिची कंबर दुखत होती.

स्पर्धेच्या सकाळी एकतीस मुलं आली. प्रत्येकाला एक पुस्तक आणि एक पेन्सिल. उत्तर त्या त्या कोड्याखाली लिहायचं, वेळ दीड तास. तुफाननं चाळीस मिनिटांत पुस्तक मिटलं आणि उरलेला वेळ छताच्या पंख्याचे फेरे मोजण्यात घालवला. टिंब शेवटपर्यंत बसली. शेवटची दहा मिनिटं तर ती एकाच पानावर होती. मी दोनदा तिच्या बाकाजवळून गेलो, आणि दोन्ही वेळा तिनं पुस्तकावर हात आडवा धरला. मला वाटलं, सव्विसाव्यानं पोरीला थकवलं. मला मनातल्या मनात बरंसुद्धा वाटलं.

तपासायचं काम मुख्याध्यापकांनी घेतलं, उत्तरांचा कागद माझा. तासाभरानं निकाल लागला. तुफान सव्वीसपैकी सव्वीस. टिंब पंचवीस. बाकीचे पंधरा-सोळाच्या आसपास. गंमत म्हणजे सव्विसावं कोडं एकतीसपैकी तीस मुलांनी बरोबर सोडवलं होतं, ज्यांना दुसरं-तिसरंही जमलं नव्हतं त्यांनीसुद्धा. एकट्या टिंबनं ते कोरं सोडलं होतं.

ताईनं तिथल्या तिथं दोघांना फोन लावले. शिंपीदादा भिंतीशी उभे होते, त्यांनी पुढे येऊन तुफानच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पिशवी घेऊन जा संध्याकाळी." मी टिंबचं पुस्तक उचललं. म्हटलं, पोरीला दोन समजुतीच्या गोष्टी सांगू, वजीर द्यायचं धाडस कसं वाढवायचं वगैरे.

सव्विसाव्या कोड्याखालची जागा कोरी होती, पण स्वच्छ नव्हती. तिथं काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलेलं होतं. मी पुस्तक खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. पेन्सिल दाबून लिहायची तिची सवय असल्यामुळे अक्षरांचे वळ कागदावर राहिले होते. 'मात होत नाही. उंट बघतोय.'

मी आकृतीकडे पाहिलं. डाव्या कडेचा माझा उंट, पान सरळ दिसावं म्हणून ठेवलेला, तिरक्या रेषेत थेट त्या घराकडे बघत होता जिथं माझा हत्ती मात करायला जाणार होता. वजीर आधीच गेला, आणि शेवटी उंटानं शांतपणे येऊन माझा हत्ती खाल्ला की पांढऱ्याकडे राजा आणि तीन प्यादी सोडून काही उरत नव्हतं. म्हणजे मी तीस मुलांना स्वतःचं सगळं सैन्य घालवायला शिकवलं होतं, आणि त्यांना त्याचा एकेक गुण दिला होता.

पुढच्या दोन मिनिटांत माझ्या मनात आलेले विचार मी इथं लिहीत नाही. त्यातला एक असा होता की पुसलेलं फक्त मलाच दिसलंय. दुसरा ताईबद्दल होता.

टिंब दाराशी चपला घालत होती. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "हे तू लिहिलं होतंस?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग पुसलंस का?"

ती चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिली.

मी मागे वळलो आणि वाचनकक्षाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. "एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "सव्विसावं कोडं चुकलेलं आहे. मात होत नाही. माझ्या डोळ्यांना उंट दिसला नाही. या मुलीला दिसला होता. तिनं तसं लिहिलंही होतं."

वाचनकक्षात शांतता पाळावी अशी पाटी तिथं कित्येक वर्षं होती. ती पहिल्यांदाच पाळली गेली असावी. मग ताई म्हणाली, "निकाल लागल्यावर? स्वतःच्या भाच्याच्या वेळेलाच तुला उंट दिसायचा होता?"

"आई, थांब," तुफान म्हणाला. त्यानं पुस्तक उघडलं, दोन क्षण बघितलं, आणि तो चक्क हसला. "हो की. खातोय हत्तीला. मी बघितलंच नव्हतं, मामानं सांगितलं तेच लिहिलं." तो पोरगा कधी कुणाचं वाईट चिंतत नाही, हा गुण त्याच्यात कुठून आला हे आमच्या घरात एक गूढ आहे. ताई पुढे तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही, ते वेगळं.

"तुफानचा एक गुण कमी होईल," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी नोंदवही पुढे ओढली होती. "पण म्हणून हिचा वाढत नाही. दोघं पंचवीस. हिचं उत्तर खोडलेलं आहे."

"पण वाचता येतंय."

"खोडलेलं म्हणजे मागे घेतलेलं. ते ग्राह्य धरायचं तर ज्यानं खोडलं त्यानं कारण लिहून द्यायचं आणि खाली सही. कारण योग्य वाटलं तर बघू. नाही तर दोघांत चिठ्ठी काढायची माझी तयारी आहे."

त्यांनी एक कागद टेबलाच्या कडेला ठेवला. टिंब शिंपीदादांकडे बघायला लागली. ते म्हणाले, "लिही. जे असेल ते लिही." टेबल उंच होतं, ती टाचा उंचावून लिहायला लागली. आम्ही सगळे उभे होतो. मी तर जखमी खेळाडूसारखा एका खुर्चीला धरून होतो. मला वाटत होतं ती लिहील, 'खात्री नव्हती.' किंवा लिहील, 'वेळ संपला.' ही दोन्ही कारणं ग्रंथपाल फेटाळणार हे मला अर्जाच्या रकान्यांवरून कळलेलं होतं.

ग्रंथपालांनी कागद घेतला, चष्मा वर सरकवला आणि नोंदीसाठी म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. "खोडण्याचं कारण. हे कोडं सरांनी स्वतः केलं होतं. सगळ्यांसमोर त्यांना वाईट वाटलं असतं."

ते थांबले. कागद उलटून मागे आणखी काही आहे का ते त्यांनी पाहिलं. मागे काही नव्हतं. ताई काहीतरी बोलायला उठली होती, ती परत खाली बसली. शिबिर हातचं जाईल हे त्या पोरीला ठाऊक होतं. दहा मिनिटं तिनं त्याचाच विचार केला होता, आणि मग रबर उचललं होतं. आणि मी तेव्हा तिच्या बाकाजवळून जाताना सुखावत होतो.

ग्रंथपालांनी टेबलाचा खण उघडला, शिक्का बाहेर काढला, तो शाईवर दोनदा टेकवला आणि कागदावर नीट दाबला. खाली आपल्या सावकाश अक्षरात लिहिलं, 'कारण योग्य.' मग नोंदवहीत तुफानच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि टिंबकडे वळून म्हणाले, "पूर्ण नाव सांग बाळ. शिबिराला कळवायचं आहे."

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, पण मला ती भिंत बराच वेळ बघावी लागली.